हा डबा कुणाचा?

बिबवेवाडी,
सोमवार, दुपार

प्रिय कादंबरी,

पत्र बघून दचकू नकोस. तू ग्रुप सोडलास, फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं शांत. तेव्हा कागद-पेन एवढाच मार्ग उरला. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे पाकीट मागितलं तर त्याने लग्नातल्या आहेराचं पाकीट काढलं, सोनेरी गणपतीवालं. साधं द्या, पत्र घालायचंय, म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कंदिलाची काच मागितली. मग म्हणाला, मिळेल, पण डझन घ्यावी लागतील. आता उरलेली अकरा पाकिटं मी कोणाला पाठवणार आहे देव जाणे. आज बँकेत रजा टाकली आहे, आई आत मेथी निवडते आहे आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले, कारण त्यात मी फार शहाण्यासारखं बोलत होते.

शुक्रवारचं आधी सांगते, कारण तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आपलं गाणं मध्यरात्रीच बाहेर आलं होतं, पण मी दहाला झोपणारी बाई. सकाळी नेहमीसारखी स्वारगेटला मेट्रोत बसले, कधी नाही ती खिडकीची जागा मिळाली, कानात इयरफोन घातले आणि ‘उतरायचं राहिलं’ लावलं. खरं सांगू? ऐकायचं म्हणून नव्हतं लावलं. ‘पाणीकपात’ बँडचं पहिलंवहिलं सिंगल, आपण सगळ्यांनी इतके दिवस घासलेलं, त्याचा आकडा माझ्याकडून एकने वाढावा एवढीच कर्तव्यभावना. आवाज अगदी बारीक ठेवला होता आणि मोबाइलवर बँकेचे मेल उघडले होते. केयूरची गिटार सुरू झाली, तेजसच्या ड्रमची ती ठकठक आली, आणि मी गायला लागले.

कादंबरी, मी गायला लागले. तू नाही. मी. ‘उतरायचं राहिलं गं, दारापाशी उभी होते.’ माझा आवाज, माझा ‘गं’, जो मी नेहमी जरा लांबवायची आणि केयूर चिडायचा. हातातला मोबाइल पडला. शेजारची मुलगी तिच्या मोबाइलमध्ये मान घालून बसली होती, समोरचे आजोबा पेपर वाचत होते, कोणाला काही नाही. मी तोंडावर हात ठेवला. माझ्याच तोंडातून तर येत नाही ना, हे बघायला! वेड लागण्याची सुरुवात अशीच होत असावी. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते: गेल्या वर्षी मार्चमध्ये माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाजाची नस त्या गाठीला चिकटून आहे, धोका आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांची काही चूक नाही. गाठ निघाली, मी धडधाकट घरी आले, आवाज मात्र मागे राहिला. आता जो आहे तो भिजलेल्या पापडासारखा. बँकेत काउंटरवर लोक विचारतात, मॅडम, सर्दी का? मी हो म्हणते. दीड वर्षं मला सर्दी आहे. ऑपरेशननंतर मी मोबाइलमधली माझी सगळी गाणी पुसून टाकली होती. आणि इथे, मेट्रोत, सकाळच्या गर्दीत, तो आवाज ठणठणीत बरा होऊन माझ्या कानात उभा.

तरी मला वाटलं भास असेल. दुसरं कडवं संपलं आणि मग भास म्हणायची सोय राहिली नाही. दाराची कडी वाजली आणि मागून श्यामसुंदरकाकांचा आवाज आला, “हा डबा कुणाचा? नाव नाही यावर.” तू तेव्हा बँडमध्ये नव्हतीस, म्हणून तुला ही गंमत ठाऊक नसेल. केयूरच्या या काकांच्या पिठाच्या गिरणीच्या वर आपली खोली. खाली गिरणी घरघरत असली की वर ड्रम वाजतात म्हणून तक्रार करायची कोणाची छाती होत नाही. रेकॉर्डिंग मात्र गिरणीच्या सुट्टीच्या दिवशीच करायचं. त्या दिवशी काका खाली उरलेले डबे लावत बसले होते. लोक डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवत नाहीत आणि मग एकाचं ज्वारीचं पीठ दुसऱ्याच्या घरी जातं, हे काकांचं आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख. असा एक बिननावाचा डबा घेऊन ते जिना चढून वर आले आणि ऐन गाण्यात दार उघडून विचारते झाले. मला हसू फुटलं, मी ते दाबलं, चार मात्रा गेल्या, मग तिसरं कडवं घेतलं. हे कच्चंच आहे, पुढे नीट गायचंय, म्हणून केयूरने थांबवलं नाही. तो जानेवारी होता. नीट गायचं राहून गेलं.

आईला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. तिला म्हटलं, गाणं बसवताना आधी एक कच्चा आवाज भरून ठेवतात, त्याला स्क्रॅच म्हणतात. बाकीची वाद्यं त्याच्या मागून वाजवून घेतात आणि शेवटी कच्चा आवाज काढून पक्का घालतात. आई म्हणाली, म्हणजे साडीला फॉल लावायच्या आधी धावदोरा घालतात तसं. तसंच. तर धावदोरा उसवायचा राहिला आणि साडी तशीच नेसून झाली. वर नाव तुझं. गायिका: कादंबरी.

हे सगळं मला मेट्रोच्या त्या डब्यात बसून कळलं असं समजू नकोस. मला काहीही कळलं नव्हतं. गाणं संपलं की मी परत लावत होते. भुयार संपून डोळ्यांवर ऊन आलं तेव्हा लक्षात आलं की शिवाजीनगर केव्हाच मागे पडलं, माझं उतरायचं राहिलं. गाण्याने एवढं शब्दशः घ्यायला नको होतं. उतरले ती खडकीला. तुझ्या खडकीला. आणि हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही: त्या स्टेशनवर मी पंधरा मिनिटं उभी होते. तुमचे क्वार्टर्स तिथून चालत दहा मिनिटांवर. तू गाणं ऐकलं असशील, तुला माझ्याहून मोठा धक्का बसला असेल, आत्ता उठून तिच्याकडे जायला हवं, हे मला अगदी स्वच्छ समजत होतं. जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. मग मनाशी म्हटलं की बँकेला उशीर होईल, आणि वळले. बँकेला उशीर केव्हाच झाला होता. मला ते गाणं परत ऐकायचं होतं, एवढंच. येताना चार वेळा ऐकलं. त्याच वेळी तुमच्या घरात काय चाललं होतं ते मला काल कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघे गिरणीवर जमलो. तू दुपारीच ग्रुप सोडला होतास. केयूरचं तोंड असं झालं होतं, जसं कोणी त्याला भर चौकात मारलंय. तो सारखा म्हणत होता, चूक माझी, फोल्डरमध्ये ‘फायनल’ नावाच्या चार-चार फायली मीच ठेवल्या. तेजस नुसत्या काठ्या गुडघ्यावर आपटत होता. खाली काका मात्र खुशीत. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला मोबाइल कानाला लावून आपलं वाक्य ऐकवत होते. गाणं तोवर चार हजार लोकांनी ऐकलं होतं. आपल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ सगळे नातेवाईक धरून दोनशेच्या वर कधी गेले नव्हते, तुला माहीत आहे. लोक लिहीत होते, हा आवाज कोणाचा, ते डबेवाले काका कोण, मधली ती भानगड काय भारी सुचली यांना. केयूर शेवटी म्हणाला, बदलायचं तर गाणं पूर्ण काढून नव्याने चढवावं लागेल, आकडा शून्यावर येईल, आता तू सांग. दोघे माझ्याकडे बघत राहिले. आणि मी म्हटलं, राहू दे. नाव तेवढं माझं टाका.

याच घोगऱ्या आवाजात म्हटलं. ‘आणि कादंबरीचं काय?’ हा प्रश्न तिघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही. तेजसने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली पाहिलं. मी घरी येऊन दोन ताटं वाढली, आईला गाणं लावून दिलं. आईने पहिली ओळ ऐकली आणि हातातला घास परत ताटात ठेवला. दीड वर्षानंतर ऐकत होती ती. रडली नाही, ती रडणारी नव्हे, पण त्या रात्री तिने दोनदा विचारलं, अगं, मग आता बरं वाटतंय का घशाला? शनिवारी नाशिकहून आत्याचा फोन, बँकेतल्या दोघीतिघींचे फोन, सगळ्यांचं एकच: सुरुची, आवाज परत आला तुझा! नाव बदललेलं नसतानाही माझ्या माणसांनी मला ओळखलं, याचं मला इतकं अप्रूप वाटलं म्हणून सांगू! कोणालाही मी म्हटलं नाही की हा जुना आहे. हो हो, बराय आता, म्हटलं. शनिवार असा गेला. लाज वाटते लिहायला, पण तो दिवस फार सुखाचा गेला.

काल सकाळी तुझ्या आईचा, कौशल्याबाईंचा फोन आला. नंबर त्यांच्याकडे होता, मीच तुमच्या क्वार्टर्सच्या गणपतीत दिला होता, गेल्या वर्षी, गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून आले होते तेव्हा. आठवतं? तुझा तिसरा नंबर आला होता. पहिला अध्यक्षांचा भाचा.  तुझी आई म्हणाली, “ताई, गाणं लई गोड झालंय. पण त्यात आमची पोरगी कुठं हाय?” मी पलंगावर बसले. त्यांनी सांगितलं ते असं, की शुक्रवारी तुझ्या बाबांनी, उत्तरेश्वरकाकांनी, कारखान्यातली पाळी बदलून घेतली होती. शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसं सकाळी साडेनऊलाच घरात, व्हरांड्यात, जिन्यात. लातूरहून मामा आलेला. पेढे आणलेले. तुझ्या भावाने स्पीकर लावला, गाणं वाजलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. तुझे बाबा तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की आज फारच गोड गायलीस बाळा. आणि तू त्यांच्या पाया पडलीस. कौशल्याबाई म्हणाल्या, स्वयंपाकघरात मी एकटी उभी होते, पहिल्या ओळीलाच कळलं, आणि पोरीचं तोंड बघितलं तर पांढरंफटक. तेव्हापासून धड जेवली नाही. बापाला काही सांगत नाही. मला एवढंच म्हणाली, “ताई बऱ्या झाल्या आई, आता माझं काम संपलं.” मग त्यांनी मला विचारलं, खरंच बऱ्या झालात का ताई? झाला असाल तर चांगलंच हाय.  

एवढी माणसं, सख्खे वडील, आणि आपल्याच घरात परक्या आवाजासाठी आशीर्वाद घ्यायला वाकायचं! मी मेट्रोत तोंडावर हात ठेवला होता. तुला तेवढंही करता आलं नाही, तुला हसावं लागलं. मी ते चित्र डोळ्यांपुढून घालवूच शकत नाही. आणि त्या क्षणी मी दहा मिनिटांवर उभी होते, इयरफोन घालून.

मग काल दुपारी मी लॅपटॉप उघडला आणि तुझी फाइल लावली. इथे मला एक कबूल करायचं आहे, आणि ते वाचून तुला माझा राग आला तर तो रास्तच आहे. बँडमध्ये अपलोड करायचं काम माझं. गाता येत नाही तर निदान हे तरी, म्हणून मीच मागून घेतलं होतं. आणि आपला नियम तुला माहीत आहे: चढवण्याआधी फाइल पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकायची, मगच बटण दाबायचं. तो नियम मीच केला होता. तुम्हा तिघांना दम देऊन केला होता. तुझं गाणं चढवताना मी तो पाळला नाही. चार ‘फायनल’ होत्या, त्यातली मला जी शेवटची वाटली ती निवडली, प्ले न करता. का, तर मला तुझ्या तोंडून ते गाणं ऐकायचं नव्हतं. तू ऑगस्टमध्ये पक्कं गायलीस तेव्हाही मी ऑडिटचं निमित्त करून आले नव्हते. तीन महिने मी तुझं रेकॉर्डिंग ऐकणं टाळत होते. एकदा जरी प्ले केलं असतं तरी पहिल्या ओळीला कळलं असतं आणि हे काही घडलं नसतं. केयूर तीन दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तशी फाशी भोगतो आहे. त्याने तुला लांबलचक माफीचे मेसेज पाठवले आहेत असं कळलं. ते पुसून टाक. त्याची चूक नाही. डब्यावर नाव नव्हतं हे खरं, पण झाकण उघडून बघायचं काम माझं होतं.

तर काल ऐकलं. आई शेजारीच तांदूळ निवडत होती. मी मनाची तयारी केली होती की बरं असेल, नीटनेटकं असेल, थोडं माझ्यासारखं, थोडं कमी. आणि कादंबरी, शुक्रवारचा धक्का त्यापुढे काहीच नव्हता. तू ते गाणं माझ्या त्या कच्च्या आवाजावरूनच शिकलीस ना? म्हणून दुसऱ्या कडव्यानंतर तूही थांबतेस. तुझ्या वेळी दार वाजलं नव्हतं, काका आले नव्हते. केयूरने वाद्यं माझ्या थांबण्यावर बेतली होती, म्हणून तुला वाटलं ती गाण्यातलीच जागा आहे. मी तिथे हसू दाबलं होतं. तू तिथे श्वास घेतलास. एकच, मोठा, आणि सोडला नाहीस. बसच्या दारात उभी असलेली मुलगी, थांबा आलाय, पाय उचललाय आणि उतरवत नाही. मी ते गाणं लिहिलं, चाळीस वेळा गायले, आणि ती मुलगी मला काल दिसली. मी परत लावलं. परत लावलं. आईने ताटातून मान वर केली नाही. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाली, “ही मुलगी गाताना ऐकते. तू कधी ऐकायची नाहीस.” आमच्या घरात कौतुकाची हीच पद्धत आहे, आणि बोलणीही त्यातच येऊन जातात.

काल संध्याकाळी गिरणीवर जाऊन मी केयूरला आणि तेजसला सगळं सांगितलं, माझ्या न ऐकण्यासकट. केयूर म्हणाला, वीस हजारांवर गेलंय गं. मी म्हटलं, जाऊ दे. तेजस म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून ते बरोबर वाटत नव्हतं, पण तुझं तोंड बघून बोललो नाही. म्हणजे तोही माझ्यामुळेच गप्प. तिथेच बसून मी जुनं गाणं काढून घेतलं आणि तुझं चढवलं. आधी पूर्ण ऐकलं, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत, दोघांच्या समोर. फाइलला नाव दिलं ‘कादंबरी’, फायनल-बियनल काही नाही. परवापर्यंत सगळीकडे दिसेल. आकडा शून्यापासून सुरू होईल, आणि काका गाण्यात नाहीत म्हणून रुसले आहेत, त्यांची समजूत तू काढ. माझी ती कच्ची फाइल मी पुसलेली नाही. एवढी थोर मी नाही. लॅपटॉपमध्ये ठेवली आहे, माझं नाव घालून. उत्तरेश्वरकाकांना मात्र नवीन गाणं तू स्वतः लावून दे. ओशाळतील बिचारे, ओशाळू देत. हे पाकीट मी आज संध्याकाळी कौशल्याबाईंच्या हातात नेऊन देणार आहे. या वेळी खडकीला ठरवून उतरेन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तू बँडमध्ये आलीस तेव्हा ठरलं होतं, सुरुचीताईंचा आवाज परत येईपर्यंत. सहा महिने म्हणाले होते डॉक्टर, मग आणखी सहा. तू कधी पुढचं काही विचारलं नाहीस. माइकच्या स्टँडवर माझ्या उंचीला लाल टेप गुंडाळलेली, तू माझ्याहून चांगली वीतभर बुटकी, पण वर्षभर तू त्या स्टँडला हात लावला नाहीस. ताईंचं सेटिंग आहे म्हणून टाचा उचलून, हनुवटी वर करून गात राहिलीस. मी समोर खुर्चीत बसून ते बघत होते आणि एकदाही म्हटलं नाही की अगं, खाली कर. कादंबरी, माझा आवाज परत येणार नाही. नस गेली ती गेली, हे डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं. घशात नळी घालून, पडद्यावर दाखवून सांगितलं. मी रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवला आणि बाहेर सगळ्यांना सांगत राहिले की सुधारतोय, अजून थोडे महिने. केयूरला, तेजसला, आईला, कोणालाच माहीत नाही. काल गिरणीवर सगळं बोलले, तेही हे एवढं सोडून. आईला आज हे पाकीट बंद केल्यावर सांगणार आहे, त्या दोघांना उद्या. मोठ्याने बोलायला अजून जमत नाही, म्हणून लिहून सांगते आहे, आणि सगळ्यांत आधी तुला, कारण जूनपासून तू तात्पुरती नव्हतीस आणि ते फक्त मला ठाऊक होतं. माझी जागा धरून ठेवायला म्हणून मी तुला पाच महिने उभं केलं, आणि जागा कोणाची राहिलीच नव्हती. माफ कर, असं लिहिते, पण तू लगेच करू नकोस. शनिवारी सहाला आपला कार्यक्रम आहे, पाचला ये. टेप मी काल नखाने सोलून काढली, थोडा गोंद राहिला आहे, तो हाताला लागेल. स्टँडचा स्क्रू सैल करून ठेवलाय. तुझ्या उंचीला लावून घे.

तुझीच,
सुरुचीताई